आधी बोटीची तारीख, मग बाकी सगळं: चियांग राईहून मेकाँगने लुआंग प्रबांग आणि पुढे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दहा दिवस मोकळे आहेत. तुम्ही दोघं आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. मुंबईहून बँकॉक, तिथून चियांग राई, मग जमिनीने सीमा ओलांडून लाओसमध्ये शिरायचं. मेकाँगवरच्या दोन दिवसांच्या संथ बोटीने लुआंग प्रबांग गाठायचं, पुढे उत्तरेला नाम ओऊ नदीवर नोंग खियाव आणि मुआंग न्गोई, आणि शेवटी रेल्वेने व्हिएन्टियान करून परत. तिघंही शाकाहारी. हे जमेल का, आणि रोख किती न्यायची?

जमेल, पण दहा दिवसांत दोन नद्या बसत नाहीत. सासूबाई सोबत असताना ओढूनताणून बसवूही नका. लाओसच्या नकाशावर अंतरं लहान दिसतात आणि तिथेच बेत फसतो. हुआय साय (सीमेलगतचं लाओसचं गाव, बोट इथूनच सुटते) ते लुआंग प्रबांग हे नदीचं अंतर साधारण ३०० किलोमीटर, म्हणजे पुणे-सोलापूरपेक्षा थोडंसंच जास्त. त्याला पूर्ण दोन दिवस लागतात, कारण सर्वसाधारण बोट दिवसाला एकदाच निघते आणि रात्री चालत नाही. आपल्याकडे एस.टी. चुकली तर तासाभराने दुसरी येते. इथे बोट चुकली की अख्खा दिवस गेला, आणि पुढचं आरक्षणही गेलं.

म्हणून मुंबईच्या विमान तिकिटापासून सुरुवात करू नका. हुआय सायच्या धक्क्यावरून कोणत्या तारखेची बोट धरायची ते आधी नक्की करा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. तिच्या आधी दोन दिवस ठेवा, मग पुढचं लावा. दहा दिवसांचा माझा आराखडा असा: पहिल्या दिवशी मुंबई-बँकॉक-चियांग राई. दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून हुआय सायला मुक्काम. तिसरा आणि चौथा दिवस बोट, मधली रात्र पाकबेंगला. पाचवा, सहावा, सातवा दिवस लुआंग प्रबांग, त्यातला एक दिवस मुद्दाम रिकामा. आठव्या दिवशी रेल्वेने व्हिएन्टियान. नवव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने बँकॉक, आणि दहाव्या दिवशी दुपारनंतरचं विमान.

तो रिकामा दिवस लाओसच्या प्रवासातला सगळ्यात कामाचा दिवस आहे, त्यात काही भरू नका. बोट रद्द झाली, कुणाचं पोट बिघडलं, रेल्वेचं हवं ते तिकीट मिळालं नाही, तर तोच दिवस उपयोगी पडतो. काहीच बिघडलं नाही तर लुआंग प्रबांगमध्ये नदीकाठी बसायला एक जादा दिवस मिळाला. बारा दिवस काढता आले तरच नाम ओऊ घ्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सीमेपर्यंत

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. आंतरराष्ट्रीय विमान एकावर उतरलं आणि चियांग राईचं दुसऱ्यावरून असेल तर मध्ये रस्त्याने दीड-दोन तास जातात. शक्यतो दोन्ही विमानं एकाच विमानतळाची घ्या. तसं जमलं नाही तर मध्ये किमान पाच तास ठेवा.

भारतीय पारपत्रावर थायलंडला जुलै २०२४ पासून ६० दिवस व्हिसामुक्त प्रवेश देण्यात आला. ही सवलत अधूनमधून बदलत आली आहे, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. १ मे २०२५ पासून प्रत्येक प्रवेशाआधी थायलंडचं डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट असतं आणि आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. पैसे मागणारी संकेतस्थळंही शोधताना वर येतात, ती सोडून द्या. तुम्ही थायलंडमध्ये दोनदा शिरणार आहात, एकदा मुंबईहून आणि एकदा लाओसहून परतताना, म्हणून हे पत्र दोनदा भरायचं आहे. दुसरं भरायचं बहुतेक जण विसरतात. व्हिएन्टियानच्या मुक्कामात ते आधीच भरून ठेवा.

चियांग राई शहराच्या मध्यावरच्या जुन्या बस स्थानकातून चियांग खोंगची साधी बस मिळते. साधारण दोन ते अडीच तास लागतात. तुम्हाला चियांग खोंग गावात जायचं नाहीये, चौथ्या थाई-लाओ मैत्री पुलावर जायचं आहे. हा पूल डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाला आणि तो गावाच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर आहे. जुन्या माहितीत गावातून होडीने नदी ओलांडायला सांगितलेलं असतं, पण परदेशी प्रवाशांना तो मार्ग आता बंद आहे. बसच्या वाहकाला चढतानाच 'सफान' असं सांगा, थाईत सफान म्हणजे पूल. तो फाट्यावर उतरवतो, तिथून टुकटुकने तपासणी नाका गाठायचा. तिघांना सामानासह हे दगदगीचं वाटत असेल तर चियांग राईहून थेट पुलापर्यंत टॅक्सी करा. खर्च तिघांत वाटला जातो आणि सासूबाईंची एक चढ-उतार वाचते.

पूल चालत ओलांडू देत नाहीत. थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, फेरीच्या बसचं तिकीट काढायचं, पलीकडे उतरायचं. लाओसचा व्हिसा तिथेच मिळतो. सहा महिने मुदत शिल्लक असलेलं पारपत्र, कोरी पानं, एक फोटो आणि अमेरिकी डॉलर लागतात. भारतीयांना शुल्क ४० डॉलरच्या आसपास पडतं, माणशी ५० धरून ठेवा. थाई चलनात, बाटमध्येही पैसे घेतात, पण त्यांच्या हिशेबाने ते महाग पडतं. नोटा नव्या, न दुमडलेल्या, पेनाची खूण नसलेल्या हव्यात. मध्यभागी फाटलेली किंवा शिक्का मारलेली नोट परत देतात. भारतात पैसे बदलताना काउंटरवर उभं राहूनच प्रत्येक नोट पाहून घ्या आणि चपट्या पाकिटात वेगळी ठेवा. ई-व्हिसाचीही सोय आहे, पण तो सगळ्या नाक्यांवर चालत नाही. अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडायचं असतं. त्या यादीत हा पूल असेल तरच ई-व्हिसा घ्या, नाहीतर नाक्यावरचाच बरा. शिक्का मारून पारपत्र हातात आलं की तिथेच तारीख तपासा. चुकीची तारीख दहा दिवसांनी निघताना लक्षात आली तर निस्तरणं कठीण जातं.

चियांग राईहून पहाटे निघून त्याच दिवशीची बोट गाठून देणारी एकत्रित तिकिटं दलाल विकतात. वेळेवर सगळं झालं तर ती चालतात, पण व्हिसाच्या खिडकीवर दोन पर्यटक बस एकदम आल्या की रांग तास-दीड तास सरकत नाही. आदल्या दुपारी सीमा ओलांडून हुआय सायला झोपावं. हे गाव पुलापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. संध्याकाळी धक्का पाहून या, पैसे काढा आणि उद्याचं खाणं घ्या.

पैसे

लाओसचं चलन किप. डॉलरला साधारण साडेएकवीस हजार किप धरा. मराठी माणसाला हिशेब सोपा आहे, कारण तिथले आकडे आपल्या लाखांत बसतात. एक लाख किप म्हणजे साधारण चारशे रुपये. किंमत ऐकली की शेवटची तीन शून्यं काढायची आणि चारने गुणायचं. ऐंशी हजाराची थाळी म्हणजे तीनशे वीस रुपये.

हुआय सायहून लुआंग प्रबांगला पोचेपर्यंत तिघांची रोख साधारण अशी लागेल. बोटीचं तिकीट माणशी चार लाख किपच्या आगेमागे, म्हणजे बारा लाख. पाकबेंगला साध्या दोन खोल्या सहा ते दहा लाख. दोन दिवसांचं खाणंपिणं सहा लाख. लुआंग प्रबांगच्या धक्क्यावरून गावात जायला दीड-दोन लाख. एकूण तीस लाख किप, आपले बारा हजार रुपये. दर बदलत राहतात म्हणून वर चार-पाच लाख जादा ठेवा. एटीएम एका वेळी वीस-तीस लाखांपेक्षा जास्त देत नाही आणि दर वेळी शुल्क कापतं, म्हणजे हुआय सायलाच दोनदा काढावे लागतील. पाकबेंगच्या एटीएमवर विसंबू नका. संध्याकाळी बोट लागते आणि शंभर माणसं एकाच यंत्रासमोर उभी राहतात.

आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एटीएम आणि दुकानातला वापर, दोन्ही वेगवेगळे चालू करा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. डॉलर रोख चारशे न्या: व्हिसाचे दीडशे आणि अडचणीसाठी अडीचशे. रुपये तिथे बदलून मिळतील असं धरू नका.

बोट

आता मुख्य गोष्ट. संथ बोट म्हणजे लांब, अरुंद लाकडी नाव. वर पत्र्याचं छप्पर, बाजू उघड्या, पावसापाण्यासाठी गुंडाळलेले ताडपत्रीचे पडदे. आत जुन्या मिनीबसमधून काढलेल्या जोड-खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्या पुष्कळदा तळाला पक्क्या केलेल्या नसतात. मागच्या ओळीतल्याने पाय ताणले की पुढची खुर्ची सरकते. इंजिन अगदी मागे असतं. शौचालयही मागेच, इंजिनाला लागून. प्रवासी सत्तर ते शंभर.

बोट अकरा-साडेअकराला निघते. धक्क्यावर नवाच्या आसपास पोचा. तिकिटाच्या खिडकीवर पारपत्र दाखवावं लागतं. तिकिटावर आसन क्रमांक हाताने लिहून देतात, पण आत गेल्यावर तो पाळला जाईलच असं नाही, म्हणून लवकर चढणं हाच उपाय. जागा पुढच्या अर्ध्या भागात धरा. मागच्या तिसऱ्या हिश्शात इंजिनाचा आवाज इतका असतो की दोन दिवस बोलणं होत नाही, आणि धूरही येतो. सासूबाईंना वारंवार जावं लागत असेल तर अगदी पुढेही नको, कारण खुर्च्यांमधली वाट सामानाने अडलेली असते. मध्यापेक्षा थोडी पुढची, वाटेकडची जागा बरी. डावी-उजवी बाजूही बघा. नदी वळणं घेत असली तरी प्रवाह एकंदर पूर्वेकडे आहे आणि हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं. त्यामुळे बोटीच्या दिशेने तोंड केल्यावर उजवीकडे ऊन आणि डावीकडे सावली. पहिल्या दुपारी डावी बाजू घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं आणि गारठा असतो, तेव्हा उजवीकडचं ऊन हवंसं वाटतं.

चढायला काठावरून बोटीवर टाकलेली फळी असते, जेमतेम एका पावलाची. पाय घसरायची जागा तीच. धोका वाढतो तो हातातल्या सामानाने. आधी एकाने मोकळ्या हाताने चढून जावं, मग सासूबाईंना दोन्ही हात मोकळे ठेवून पार करावं, बॅगा शेवटी. चाकांच्या बॅगा इथे कुचकामी आहेत. काठावर वाळू, पायऱ्या आणि चढ आहे. माणशी आठ ते दहा किलोची पाठीवरची सॅक पुरे. मोठं सामान फळ्यांखाली किंवा मागच्या बाजूला रचतात आणि दिवसभर हाताला लागत नाही. म्हणून पारपत्र, औषधं, स्वेटर, पाणी, खाणं आणि बसायची उशी वेगळ्या छोट्या पिशवीत जवळ ठेवा. उशी हुआय सायला धक्क्याजवळच्या दुकानांत मिळते. लाकडी बाकाची बोट वाट्याला आली तर पहिल्या तासात तिचे पैसे वसूल होतात.

डिसेंबरात लोक लाओस म्हणजे उकाडा असं समजून जातात आणि बोटीवर कुडकुडतात. लुआंग प्रबांगला पहाटे तापमान चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतं आणि उघड्या बोटीत वारा लागतो. सासूबाईंना कानटोपी, पायमोजे आणि शाल हवीच, तुम्हालाही वाऱ्याला अडवणारं एक जाकीट. दुपारी बारानंतर मात्र टोपी आणि सनस्क्रीन. नदीत लाटा नसतात, त्यामुळे समुद्रासारखं मळमळत नाही.

पहिले काही तास उजवा काठ थायलंडचा असतो, मग सीमा मागे पडते आणि दोन्ही काठ लाओसचे होतात. वाटेत बोट वाळूच्या पट्ट्याला टेकते. एखादी बाई कोंबड्या आणि तांदळाचं पोतं घेऊन उतरते, चार पोरं धावत येतात, बोट पुन्हा निघते. ही पर्यटकांसाठी मांडलेली सफर नाही, काठच्या गावांची ती वाहतूक आहे. नावं कानावर पडतील तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या: 'नाम' म्हणजे पाणी किंवा नदी, 'बान' गाव, 'पाक' मुख. पाकबेंग म्हणजे बेंग नदी मेकाँगला मिळते ती जागा. पाक था, पाक ओऊ ही नावं तशीच. आपण संगमावरून गावं ओळखतो, तेच तिथेही आहे.

वेगवान बोटीचा विचारही करू नका. सहा-आठ माणसं गुडघे छातीशी घेऊन बसवतात, शिरस्त्राण देतात आणि एका दिवसात पोचवतात. कोरड्या मोसमात पाणी उतरलेलं असतं आणि खडक पृष्ठभागाच्या जरासे खाली असतात. त्या वेगात खडक लागला तर नाव उलटते. अशा अपघातांत माणसं दगावलेली आहेत.

सासूबाईंच्या गुडघ्यांची किंवा शौचालयाची काळजी वाटत असेल तर याच मार्गावर महागड्या खाजगी बोटीही चालतात. माणसं कमी, बैठक मऊ, जेवण तिकिटात, वाटेत पाक ओऊच्या गुहांपाशी एक थांबा. माणशी दीडशे डॉलर आणि वर. त्या रोज सुटत नाहीत, म्हणून घेणार असाल तर कॅलेंडरवरचा तो गोल त्यांच्या वारानुसार काढावा लागेल.

पाकबेंगला पाच-सहाच्या सुमारास पोचता. सूर्य मावळत असतो, धक्क्यावर खोल्या विकणाऱ्यांची गर्दी, आणि गावाचा रस्ता सरळ चढणीचा. डिसेंबरात खोली आधीच ठरवा आणि धक्क्यावर तुमच्या नावाची पाटी घेऊन माणूस पाठवायला सांगा. 'पाकबेंगला खोल्या संपल्यात, इथेच पैसे भरा' असं हुआय सायला किंवा बोटीवर कुणी सांगितलं तर ऐकू नका. सामान उचलणाऱ्या पोराला बॅग देण्याआधी रक्कम ठरवा. आणि सगळं सामान उतरवा, एक पिशवीसुद्धा बोटीत ठेवू नका. दुसऱ्या दिवशीची बोट पुष्कळदा वेगळी असते. ती नवाच्या सुमारास सुटते. तुम्ही आठला खाली या, कारण जागेची धडपड पुन्हा पहिल्यापासून करायची असते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डाव्या हाताला नाम ओऊ येऊन मिळते आणि समोरच्या कड्यात पाक ओऊच्या गुहा दिसतात. साधी बोट तिथे थांबत नाही. त्या पाहायच्या असतील तर लुआंग प्रबांगहून अर्ध्या दिवसाची वेगळी बोट करा. याच भागात, गावाच्या वर सुमारे २५ किलोमीटरवर, १,४६० मेगावॅटचं लुआंग प्रबांग धरण बांधलं जात आहे. नदीतली वाहतूक कामाच्या टप्प्याप्रमाणे बदलू शकते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात हुआय सायच्या तुमच्या अतिथिगृहाला विचारून घ्या: बोट थेट जाते का, की मध्ये उतरून गाडी बदलावी लागते. ज्यांना या नदीवरून असा प्रवास करायचा आहे त्यांनी तो फार पुढे ढकलू नये. नाम ओऊवर सात धरणं झाली आणि लुआंग प्रबांग ते नोंग खियाव हा जुना बोटमार्ग बंद पडला. मेकाँगच्या या तुकड्यावर, पाकबेंगजवळही, आणखी एक धरण नियोजित आहे.

बोट लुआंग प्रबांग गावात लागत नाही, वरच्या अंगाला दहाएक किलोमीटरवरच्या धक्क्यावर लागते. तिथे टुकटुकची खिडकी आहे, माणशी ठरलेला दर, घासाघीस नाही.

शाकाहारी माणसांचं खाणं

अडचण मांसाची नाही, माशाच्या पाण्याची आहे. 'नाम पा' हा माशाचा रस आणि 'पादेक' ही आंबवलेल्या माशांची घट्ट चटणी भाजीतही पडते आणि सॅलडमध्येही. स्वयंपाक करणाऱ्याला त्यात मांसाहार वाटतच नाही. म्हणून नुसतं 'मांस नको' पुरत नाही. 'किन जे' म्हणजे शाकाहारी जेवतो, आणि त्यानंतर 'बो साय नाम पा, बो साय पादेक', म्हणजे हे दोन्ही घालू नका. ही वाक्यं लाओ लिपीत छापून मोबाईलमध्ये चित्र म्हणून ठेवा, नदीवर नेटवर्क तासन्‌तास नसतं. कच्च्या पपईचं सॅलड तर पादेकवरच उभं असतं, ते मागूच नका.

चालण्यासारखं बरंच आहे. बांबूच्या डबीतला चिकट भात बोटांनी गोळा करून खायचा. भाजलेल्या वांग्याची किंवा टोमॅटोची 'जेओ' म्हणजे जवळजवळ आपलं भरीत आणि ठेचा, फक्त पादेकशिवाय सांगा. लुआंग प्रबांगचं 'खाय फेन' आवर्जून खा: नदीतलं शेवाळ कागदासारखं वाळवून, तीळ लावून तळलेलं. पण त्याबरोबर येणारी लाल 'जेओ बोंग' चटणी बाजूला ठेवा, तिच्यात म्हशीचं वाळवलेलं कातडं असतं. दिसायला ती लसणीच्या चटणीसारखीच दिसते. लुआंग प्रबांग आणि व्हिएन्टियानला भारतीय खानावळी आहेत. खरा प्रश्न बोटीच्या दोन दिवसांचा. बोटीवर गरम पाण्यातल्या शेवया, वेफर्स आणि बिअर मिळते. हुआय सायला पाव, केळी आणि उकडलेल्या शेंगा घ्या. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा न्या. दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर पहिल्या तीन दिवसांत संपवा. मेतकुटाची एक पुडी ठेवा, चिकट भाताबरोबरही ते छान लागतं. पाणी माणशी दिवसाला दोन लिटर, बाटलीबंद.

तब्येत आणि जोखीम

लाओसमध्ये मोठं दुखणं निघालं तर उपचार थायलंडला हलवून करावे लागतात. विम्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा, आणि सासूबाईंच्या वयासाठीची मर्यादा वेगळी तपासा. रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं दहा नाही, पंधरा दिवसांची न्या आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवा. डासांचं मलम लावा, डेंग्यू तिथे आहे. कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि बेत सोडून थेट मोठं शहर गाठा. लहान गावात रेबीजची पुरी लस-औषधं मिळत नाहीत.

दारूबाबत एक ठाम सूचना. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. फुकट मिळणारे पेले, घरगुती लाओ-लाओ (तांदळाची दारू), बादलीतली मिश्रणं काहीही नको. घ्यायचीच असेल तर समोर उघडलेली बिअर.

बारा दिवस मिळाले तर लुआंग प्रबांगनंतर दोन रात्री नोंग खियाव. अंतर १४० किलोमीटर, मिनीव्हॅनला चार तास धरा, अवजड वाहनांनी रस्ता उखडलेला आहे. तिथून मुआंग न्गोईची बोट सकाळी सुटते, तासभर लागतो, पण सार्वजनिक बोट परतते ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच दिवशी परतायचं तर पूर्ण बोट ठरवावी लागते. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले गेले. त्यांतल्या गुच्छबॉम्बचे (हवेत फुटून असंख्य छोटे गोळे विखुरणाऱ्या बॉम्बचे) कोट्यवधी न फुटलेले गोळे अजून जमिनीत आहेत. उत्तरेत मळलेली पायवाट सोडू नका आणि धातूचा गोल तुकडा दिसला तर हात लावू नका. लुआंग प्रबांगमध्ये याची माहिती देणारं छोटं केंद्र आहे, जाण्याआधी तिथे अर्धा तास द्या.

परतीचं

लुआंग प्रबांग ते व्हिएन्टियान ही गाडी ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झालेल्या लाओस-चीन रेल्वेची. जलद गाडी दोन तासांच्या आत पोचवते. पूर्वी डोंगरातून याच वाटेला अख्खा दिवस जाई. तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि डिसेंबरात झपाट्याने संपतात. बोटीतून उतरल्याच्या संध्याकाळीच अतिथिगृहाकडून मागवा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पारपत्राचा क्रमांक तिकिटावर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. स्थानकात सामानाची तपासणी विमानतळासारखी होते: चाकू, कात्री, फवाऱ्याचे डबे काढून घेतात. डासांचा स्प्रे आणि फळं कापायची सुरी तिथेच जाते. क्षमता न छापलेली पॉवर बँकही अडवतात. स्थानक गावाबाहेर आहे, गाडीच्या दीड तास आधी निघा.

व्हिएन्टियानला दोन वेगळी रेल्वे स्थानकं आहेत आणि इथे माणसं हमखास चुकतात. लुआंग प्रबांगची गाडी लागते ते चिनी रेल्वेचं मोठं स्थानक वेगळं. बँकॉकची रात्रीची गाडी, जी जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, ती खामसावात स्थानकातून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते. टुकटुकवाल्याला नुसतं 'रेल्वे स्टेशन' म्हणू नका, खामसावात म्हणा. लाओसचा शिक्का तिथेच होतो. मग सीमेपलीकडे थायलंडच्या नोंग खाय स्थानकावर सगळ्यांना सामानासह उतरून थाई शिक्का घ्यावा लागतो. सासूबाईंना खालची झोपायची जागा मिळेल अशी तिकिटं थायलंड रेल्वेच्या संकेतस्थळावरून आधीच काढा. गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास बँकॉकला येते, पण उशीर होतो, म्हणून विमान दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका. उरलेले किप त्या संध्याकाळी शहरातच बदला किंवा संपवा, सीमा ओलांडल्यावर ते कुणी घेत नाही.